पियानोवाल्याचं रक्त

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. ज्याला वाटेल त्याने आधी स्वतःची नाडी बघून घ्यावी आणि मगच पुढे वाचावं. कारण हिच्यात एक अख्खं शहर आजारी ठरतं, एकच माणूस निरोगी निघतो, आणि तो निरोगी माणूस पाठीवर पियानो घेऊन जिना चढतो.

तर एका प्रयोगशाळेत एक मामा होते. खरं म्हणजे ते एकाच मुलीचे मामा, आणि ती भाची तिथे त्यांच्या हाताखाली कामाला लागली होती. घरी मामा आणि कामावर सर म्हणायचं, असं ठरलं होतं. पण पहिल्याच सकाळी ती सवयीने 'मामा' म्हणून हाक मारून बसली आणि दुपारच्या चहापर्यंत झाडून सगळी प्रयोगशाळा त्यांना मामा म्हणू लागली. मामांना ते आवडलं. त्यांना एकूणच माणसं भोवती जमलेली आवडत. माणसं जमली की ते गोष्ट सांगत, आणि त्यांची गोष्ट ऐकताना समोरच्याच्या हातातला चहा तर गार व्हायचाच, पण शेजारच्या खोलीतला बर्फही कान देऊन ऐकत वितळायचा.

काम होतं यकृतातल्या एका एन्झाइमचं. कार्यक्रम संपल्यावर सभागृहातल्या खुर्च्या उचलणारा माणूस असतो ना, तसं हे एन्झाइम. गुंगीची, वेदनेची औषधं आपलं काम करून झाली की हे त्यांना मोडून-तोडून शरीराबाहेर घालवतं. खुर्च्या उचलणारा चपळ असला तर सभागृह वेळेत रिकामं. आळशी असला तर खुर्च्या जागच्या जागी, आणि माणूस गुंगीत तसाच पडून. हे एन्झाइम कसं घडवायचं त्याची कृती जनुकात लिहिलेली असते, चारच अक्षरांत, आणि प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची.

भाचीचं काम या प्रती काढून वाचायचं. लोकांचं रक्त घ्यायचं, त्यातून ते जनुक वेगळं करायचं, एका इवल्याशा कड्यात शिवायचं, आणि ते कडं जंतूंच्या पोटात घालून उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ताटलीवर मोहरीएवढे पांढरट ठिपके उगवतात. एका ठिपक्यात एकच प्रत, पण लाखो वेळा उतरवलेली. ठिपका काडीच्या टोकाने उचलायचा, वाढवायचा, अक्षरं वाचायची आणि 'प्रमाण' प्रतीशी ताडून बघायची. प्रमाणात जे अक्षर तेच इथे असलं, की माणूस सरळ. नसलं, की वाकडा.

ही प्रमाण प्रत मामांनी काढलेली. भाची तेव्हा दुधाचे दात पाडत होती. त्या काळी एक जनुक हाती लागायला वर्षं जायची, केस जायचे, काहींचे तर संसारही गेले. मामांचे फक्त केस गेले. पण प्रत मिळाली, छापून आली, आणि कुठकुठल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडून तिचा थेंब मागवून घेऊ लागल्या. कुणाचंही यकृत मोजायचं तर मामांच्या थेंबाशी, अशी रीतच पडली.

रक्त कुणाचं होतं, हे नियमाप्रमाणे सांगायचं नसतं. मामांनी नियम पाळला. नाव तेवढं सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. तो गोदीतला एक हमाल होता. छाती दरवाज्याएवढी. आयुष्यात कधी शिंकसुद्धा आली नव्हती. मामांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एकटा एक कपाट पाठीवर घेऊन जिना चढत होता, आणि तिथेच मामा मनाशी म्हणाले, माणसाचं प्रमाण असावं तर हे असं. पुढच्या वर्षी सांगताना कपाटाचा पियानो झाला. मग जिन्याला मजले चढत गेले. भाची कामाला लागली तोवर पियानो सातव्या मजल्यावर पोचला होता आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे वर जाईपर्यंत एक बाई स्टुलावर बसून तो वाजवत होती. स्टूल कुणी धरलं होतं, असं एकदा शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याने विचारलं. मामा म्हणाले, दुसऱ्या हाताने.

आता या पियानोवाल्याशी ताडून बघायचं म्हटल्यावर शहराचं काय होणार? सगळं शहर वाकडं निघालं. पोस्टमन वाकडा, शाळेच्या मुख्याध्यापिका वाकड्या, जुळ्या बहिणी दोघी सारख्याच वाकड्या. बारीकसारीक, न नडणारे फरक सोडले तर सगळ्यांचा वाकडेपणा एकाच जागी, एकाच अक्षरात. मामांनी यावर एक सिद्धान्त उभा केला होता. इथल्या लोकांचं यकृतच मुळात वेगळं, पिढ्यानपिढ्या असं घडलेलं. त्यावर त्यांनी भाषणं दिली, शाल-श्रीफळ सोडून सगळं मिळवलं, आणि वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत आपल्या लोकांनी यकृताला जपावं असं दोन्ही हात जोडून सांगितलं.

भाचीला मात्र ते अक्षर चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचू लागलं. जो तो वाकडा, हे कसं? मोजपट्टीने मोजलेली प्रत्येक वस्तू तोकडी भरली, तर माणूस वस्तूंकडे बघेल की पट्टीकडे? हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि तिचं चित्त ठिकाणावर राहीना. ती बसली की उठायची, उठली की आपण कशासाठी उठलो ते विसरायची. नळ्यांची झाकणं दातांनी उघडू लागली. बसने घरी जाताना तिचा थांबा मागे पडायचा आणि ती शेवटच्या थांब्यावरून चालत परत यायची. चष्मेवाला म्हणायचा, हिच्या पायाला भिंगरी लावली कुणी?

शेवटी तिने जे मामांनी कधी केलं नव्हतं ते केलं. मामांनी आजवर अक्षरं वाचली होती, पण त्या अक्षरांवरून घडणारं एन्झाइम कामाला लावून पाहिलं नव्हतं. तिने जंतूंकडून दोन्ही घडवून घेतली. एका नळीत पोस्टमनचं, दुसऱ्या नळीत पियानोवाल्याचं, आणि दोन्हींत गुंगीचं औषध सोडलं. पोस्टमनच्या एन्झाइमने औषधाचा असा फडशा पाडला की नळी धुवायचीही गरज वाटेना. पियानोवाल्याचं एन्झाइम सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं बसून राहिलं. तिने पुन्हा करून पाहिलं. जावई हलला नाही.

म्हणजे शहर सरळ होतं. वाकडा होता तो एकटा प्रमाणपुरुष. मामांच्या डब्यात त्याच्या रक्तातून काढलेले जुने ठिपके गोठवून ठेवलेले होते, तेही तिने एकूण एक वाचून काढले. सगळे सारखे. एक प्रत सरळ असती तर निम्मे ठिपके तरी सरळ निघाले असते. त्या माणसाच्या दोन्ही प्रती वाकड्या होत्या.

मामांच्या नावाचं काय होईल, हे तिच्या मनातही आलं नाही. तिला त्या हमालाची काळजी वाटली. उद्या त्याचा पाय मोडला, कुणी त्याला नेहमीचा गुंगीचा डोस दिला, तर त्याच्या सभागृहात खुर्च्या उचलायला कुणीच नाही. श्वाससुद्धा मंदावत थांबायचा. त्याला शोधून सावध करायला हवं होतं. ती मामांकडे गेली. सगळं मांडलं. मामांनी ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले की तो कधीच जहाजावरून परदेशी गेला. पत्ता विचारल्यावर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो वारल्याचं सांगितलं. आणि कशाने वारला, कुठलं औषध दिलं होतं, म्हणून ती संध्याकाळी परत गेली तेव्हा त्याचं दुसरं लग्न झालेलं होतं.

याच सुमारास मामांच्या पोटात दुखू लागलं. पित्ताशयात खडे. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि मामा खूश झाले, कारण आता रजेवर जाता येणार होतं आणि भाचीचे प्रश्न टळणार होते.

भाचीला तोवर आपल्या निकालाची आणखी एक खातरजमा करायची होती. त्यासाठी ओळखीच्या माणसाचं ताजं रक्त हवं होतं. सकाळी यायचं कबूल केलेली बाई आलीच नाही. बर्फ वितळत होता, रसायनं काढून ठेवली होती. मग तिने या धंद्यातली माणसं अशा वेळी जे करतात ते केलं. दंडाला पट्टा बांधला, दात आवळले आणि स्वतःचंच रक्त काढून दिलं.

तिच्या ताटलीवर ठिपके उगवले. वाचले तेव्हा निम्मे सरळ निघाले. उरलेले निम्मे प्रमाण प्रतीशी अक्षरन् अक्षर जुळले. नुसतं ते वाकडं अक्षरच नाही. आणखी दोन बारीकसे फरक, कामाला काही बाधा न आणणारे, हस्ताक्षरातल्या लकबीसारखे, जे आजवर पियानोवाल्याशिवाय कुणातच दिसले नव्हते, तेही तिच्या त्या प्रतीत होते.

ती स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. चष्मेवाल्याला वाटलं, हिला भोवळ आली. तिने बाहेर जाऊन आईला फोन लावला आणि आपल्या घराण्यात कधी कुणी हमाल होता का, असं विचारलं.

"हमाल?" आई म्हणाली. "आपल्याकडे बादली उचलायची तर दोघं लागतात."

"पियानो वगैरे कुणी उचलला होता?"

"बरी आहेस ना गं? तुझ्या मामाने तर आयुष्यात गादीसुद्धा उचलली नाही. बरं झालं फोन केलास, तो आज दवाखान्यात दाखल होतोय, जाशील ना?"

भाचीने फोन ठेवला. तिने तो ठेवला की तिच्या हातून पडला, याबद्दल दोन मतं आहेत.

ती मामांच्या घरी पोचली तेव्हा मामी पिशवी भरत होती आणि मामा कुठली चादर न्यायची यावर वाद घालत होते. भाचीने मामीला चहा टाकायला सांगितलं. मामी आत गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि एवढंच म्हणाली की तिने स्वतःचं रक्त तपासलंय. मामा मोठे हुशार. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. ते पलंगाच्या कडेवर टेकले आणि एकदम कुणीतरी हवा काढून घेतल्यासारखे लहान दिसू लागले.

त्यांनी सगळं कबूल केलं, हळू आवाजात, स्वयंपाकघराकडे एक डोळा ठेवून. त्या दिवशी रक्त द्यायला येणारा माणूस आलाच नव्हता. बर्फ वितळत होता. त्यांनी स्वतःचा दंड पुढे केला. सगळेच करतात. पुढे जनुक हाती आलं, छापायची वेळ आली, आणि दाता कोण असं विचारलं गेलं. आता जगभरच्या माणसांनी ज्याच्याशी स्वतःला ताडून बघायचं, तो माणूस जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धापा टाकतो, हे कसं सांगायचं? म्हणून हमाल. आणि हमाल आला म्हटल्यावर त्याच्या पाठीवर काहीतरी नको का?

"पाठीवर काय होतं ते मरू दे," भाची म्हणाली. "उद्या तुम्हाला गुंगीचं औषध देणार आहेत. हेच, ज्याच्यापुढे तुमचं एन्झाइम हातावर हात ठेवून बसलं. आत्ता डॉक्टरांना फोन करते."

मामांनी तिचा हात धरला. ते म्हणाले की आज नको. हे तिच्या तोंडून बाहेर पडलं तर उद्यापर्यंत गावभर होईल. त्यांच्या थेंबावर किती जणांचं काम उभं आहे, त्या सगळ्यांना ते स्वतः कळवतील, एकेकाला, ऑपरेशन झालं की लगेच. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला तर ते उद्या सकाळीच सांगतील.

"तुम्ही सांगाल?"

"मी. माझा जीव आहे, तुझा नाही."

"शपथ घ्या."

त्यांनी शपथ घेतली. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. आता मामांची शपथ म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण पलंगाच्या कडेवर बसलेला तो माणूस तिने याआधी कधी पाहिला नव्हता, आणि त्याच्यावर तिने विश्वास ठेवला. चहा आला. तिने तो उभ्याउभ्याच प्यायला, जीभ भाजून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या त्या लांबलचक बोळात भाचीने एवढ्या फेऱ्या मारल्या की फरशी पुसणाऱ्या बाईंनी बादली बाजूला ठेवून हात टेकले. मामी बाकावर बसून होती. तिला वाटलं, पोरीला ऑपरेशनची धास्ती बसलीय. म्हणून तिने धीर द्यायला एक आठवण काढली. तुझ्या मामांना मागे एकदा दाढ काढताना जराशी गुंगी दिली होती, म्हणाली. मी त्यांना घरी आणलं ते झोपलेलेच. दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली तरी डोळा उघडेना. मी घाबरून नाकाखाली आरसा धरून बसले होते. तेव्हा काही झालं नाही, तर आता काय होणार?

भाची जागच्या जागी थांबली. तिने विचारलं की हे डॉक्टरांना सांगितलंय का.

"मी कशाला सांगू? ते काय ते तेच सांगणार म्हणाले. मला बाहेर बसायला लावलं."

तेवढ्यात भूल देणारी डॉक्टर आली. भाचीपेक्षा थोडी मोठी, भराभर चालणारी. मामांच्या खोलीच्या दारावरची नावाची पाटी वाचून तिचा चेहरा उजळला आणि ती आत जाताच वाकून मामांच्या पाया पडायचीच बाकी राहिली. सर, ओळखलंत का, तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे. माझा प्रबंध तुमच्या प्रमाण प्रतीवरच होता, सर. परीक्षकांनी काही म्हणून दोष काढला नाही.

दार अर्धवट उघडं होतं. भाची त्याच्याशी जाऊन उभी राहिली. तिने मामांचा चेहरा पाहिला. कालचा पलंगाच्या कडेवरचा माणूस त्याच्यावरून हळूहळू पुसला जात होता. मामांनी उशी पाठीशी घेतली. खांदे रुंद केले. श्रोता मिळाला होता.

डॉक्टर नेहमीचे प्रश्न विचारत गेली. दमा, मधुमेह, दारू, सगळ्याला नाही. मग तिने विचारलं की पूर्वी कधी गुंगी, भूल घेतली होती का आणि त्याचा काही त्रास झाला होता का. मामांनी दाराकडे पाहिलं, भाचीला पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

"त्रास?" मामा म्हणाले. "तुला खरं वाटणार नाही, पण माझ्या यकृतापुढे भूल टिकतच नाही. एकदा दाढ काढायची होती. डेंटिस्टने एक डोस दिला, मी त्याच्याशी गप्पा मारतोय. दुसरा दिला, मी त्याला त्याच्या मुलीचं लग्न जमवून देतोय. तिसरा दिला तेव्हा बिचारा स्वतःच खुर्चीत झोपला, आणि माझी दाढ मी आरशात बघून काढली. मग त्याला रिक्षात घालून घरी सोडलं."

डॉक्टर हसली. हसताहसताच तिने केसपेपर पुढे ओढला.

"मग सर, तुम्हाला नेहमीच्या डोसने काही होणार नाही. थोडा वाढवूनच देते."

मामांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. डॉक्टरने पेनाचं टोपण काढलं.

"खोटं बोलताहेत ते," भाची दारातून म्हणाली. आत आली आणि तिने पेनावर हात ठेवला. "दाढ काढली तेव्हा ते दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उठले नव्हते. मामीला विचारा, बाहेर बसलीय. आणि तुमच्या प्रबंधातला तो निरोगी दाता, तो हमाल, असा कुणी माणूसच नव्हता, डॉक्टर. ते रक्त यांचं आहे. दोन्ही प्रती वाकड्या आहेत. वाढवायचं सोडा, हे औषध मामांना थेंबभरही देऊ नका."